तापट काकांचा मुक्काम

“लोक हसतील आणि हसता हसता छत्री घरी विसरतील. बघ हो,” असं सासूबाईंनी तिच्या रेडिओवरच्या हवामानाच्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तेव्हा ती कपाटात अर्धी आत, अर्धी बाहेर उभी राहून हँगर एका बाजूला सारत होती, आणि “आई, तीन मिनिटांचं तर बोलणं आहे,” म्हणून तिनं ते हसण्यावारी नेलं होतं. आजही ती हँगरच सारत होती. पण आज कोट, शर्ट, फ्रॉक सगळे एकमेकांत अडकून बसले होते आणि तिच्या हातून एकही सुटा होत नव्हता.

“अगं, ओढू नकोस. काजं फाटतील.” सासूबाई मागे उभ्या होत्या. त्यांच्या कडेवर ठकी होती. दात येत असल्यामुळे सध्या सगळ्या जगावर रागावलेली. “लागला का फोन?”

“वाजतो आणि बंद पडतो.”

“झोपले असतील.”

“बाबा दुपारचे झोपत नाहीत, आई. आडवं झालं की आयुष्य कमी होतं म्हणतात.”

“मग फोन घरी ठेवून गेले असतील. तुझ्या वडिलांना ती खोडच आहे. फोन म्हणजे त्यांना भिंतीवरचं घड्याळ वाटतं, उचलून न्यायची वस्तूच नाही ती.”

हे खरं होतं, आणि म्हणूनच त्यातून काही कळत नव्हतं. फोन घरात वाजत असेल आणि बाबा बाहेर असतील. फोन घरात वाजत असेल आणि बाबाही घरातच असतील. दुसऱ्या विचारापाशी आली की ती पुन्हा नंबर लावत होती.

ठकी झाल्यापासून ती आकाशवाणीच्या केंद्रावर गेली नव्हती. कपड्यांनी भरलेलं कपाट म्हणजे गरिबाचा स्टुडिओ, ही युक्ती तिथल्या कार्यक्रमवाल्यानं काढली होती. रोज पाचला त्याचा फोन यायचा, ती कपाटात शिरून दार ओढून घ्यायची आणि तिथून थेट साऱ्या मुलखाला येत्या चार दिवसांचं हवामान सांगायची. तेही नुसतं नाही, तर नात्यागोत्यांत. किनाऱ्याकडचा दमटपणा म्हणजे घामट आत्या. येणार येणार म्हणून निरोप पाठवणारी आणि ऐनवेळी बेत बदलणारी डोंगरातली झुळूक म्हणजे माहेरवाशीण. उत्तरेकडून येऊन, तासन् तास बसून, एक थेंबही न बोलता उठून जाणारे ढग म्हणजे गप्प मामा. आणि पूर्वेकडच्या सपाट भागातलं ऊन म्हणजे तापट काका. लोकांना हे फार आवडलं होतं. भाजीवालीसुद्धा तिला बघून विचारायची, “काय ताई, काका काय म्हणतात?”

बाबा काकांच्याच मुलखात राहत होते. एकटेच, तिसऱ्या मजल्यावर, गच्चीखालच्या खोलीत. पाचच्या आधीच ते रेडिओ खिडकीत मांडायचे आणि आवाज शेवटच्या टोकाला न्यायचे. कार्यक्रम संपला की लगेच फोन. कौतुक म्हणून नाही, चुका सांगायला.

“हवामानबाई, आज ‘आर्द्रता’ म्हणताना अडखळलीस,” काल म्हणाले होते.

“ठकीनं कपाटावर थापा मारल्या, बाबा.”

“तिला सांग, तुझी आई बोलत असताना इथे आजोबा खोकतसुद्धा नाहीत. खाली नवीन बिऱ्हाड आलंय ना, ती मुलगी पण ऐकते तुझं. आधीचा भाडेकरू काठीनं छत बडवायचा. ही बिचारी काही म्हणत नाही.” मग जरा खूश होऊन, “बरं झालं आज सांगितलंस. उद्या दुपारी सुताराकडे जाऊन येतो. ठकीचा घोडा झालाय तयार. मी म्हणत होतो ऊन फार आहे, पण तूच म्हणालीस, काका नुसते डोळे वटारतात, करत काही नाहीत.”

फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरून ती दुधाची बाटली खळखळवत होती. “हो बाबा, टोपी घालून जा,” म्हणाली होती. बस, एवढंच.

आणि खरी गोष्ट अशी होती की काल हवामान खात्याच्या कागदावर डोळे वटारण्याचा काही उल्लेखच नव्हता. ‘पूर्व भागात काही ठिकाणी उष्णतेच्या लाटेची शक्यता’ असं होतं. ‘काही ठिकाणी’ आणि ‘शक्यता’ या दोन शब्दांच्या सावलीत उभं राहून तिनं विनोद केला होता. ‘लाट’ म्हटलं की कार्यक्रमवाला नाक मुरडायचा. लोक दमून घरी निघालेले असतात, त्यांना घाबरवू नका म्हणायचा. तिलाही आदल्या रात्रीची झोप नव्हती, आणि वाक्य छान जमलं होतं.

बाबांना अंगावरच्या घामापेक्षा लेकीचं म्हणणं खरं वाटायचं. ती कोवळं ऊन म्हणाली की चटके बसत असले तरी ते स्वेटर काढून ठेवायचे नाहीत. आजूबाजूच्यांना अभिमानानं सांगायचे, खात्याला काय कळतंय, आमची मुलगी सांगते ते होतं.

आजच्या कागदावर ‘शक्यता’ नव्हती. ‘तीव्र लाट, चार दिवस’ असं कोरडं लिहिलं होतं.

तिनं दुपारपासून काय काय केलं नव्हतं? नवऱ्याला फोन केला. तो कामासाठी परगावी, बैठकीत, कुजबुजत म्हणाला, “अगं, किती काळजी करशील, येतील घरी.” बाबांच्या जुन्या मित्राला केला, तो मुलाकडे गेला होता आणि अर्धा वेळ स्वतःच्या गुडघ्यांबद्दलच बोलला. सुताराचा नंबर तिच्याकडे नव्हता. खालच्या बिऱ्हाडाचं नावही ठाऊक नव्हतं. निघायचं म्हटलं तर अख्खी रात्र प्रवासाची, आणि अंगावर पिणारी पोर. उंबऱ्यापर्यंत जाऊन ती दोनदा परत आली होती, पिशवीत लंगोट भरून, पुन्हा काढून.

“बस घटकाभर,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी ठकीला पलंगावर ठेवून स्वतःच कपडे सोडवायला घेतले. “उलट आज तुला बरं वाटायला हवं. पोरगी सकाळी किती वेळ झोपली! वरचा आखाडा बंद होता ना.”

वर राहायचे धडधड मास्तर. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले आणि निवृत्त झाल्याचं कुणी त्यांच्या पायांना सांगितलेलं नसल्यासारखे. रोज उजाडता उजाडता त्यांच्या उड्या सुरू व्हायच्या, छताचा रंग दुधाच्या पातेल्यात पडायचा आणि ठकी किंचाळत उठायची. जिन्यात भेटले तरी सासूबाई त्यांच्याकडे पाहत नसत. मास्तरही पाहत नसत. मात्र जाता जाता “व्यायाम करा, वहिनी, राग उतरतो,” असं जिन्यालाच ऐकवत.

“गावाला गेला असेल म्हातारा,” सासूबाई म्हणाल्या. “चार दिवस सुखाचे.”

ती ऐकत नव्हती. नंबर लावत होती.

पाचला जरासा वेळ असताना कार्यक्रमवाल्याचा फोन आला.

“ताई, तयार? आज आत्याला जरा जास्त वेळ द्या. इकडे सगळे भिजलेत घामानं, लोकांना पटेल.”

“दादा, एक विचारायचं होतं. माझे वडील तिकडे पूर्वेला एकटे असतात. फोन उचलत नाहीयेत. मी कार्यक्रमात नुसतं त्यांचं नाव घेऊन—”

“नको नको, ताई. वैयक्तिक निरोप नाही चालत आपल्याकडे. मागे एका बाईंनी मांजर हरवलं म्हणून सांगितलं तर पुढे आठवडाभर लोक केंद्रावर मांजरं आणून देत होते.” तो मनापासून हसला आणि मग त्याला कळलं. “येतील हो फिरून. तुम्ही हलकं ठेवा. रडका आवाज लगेच कळतो रेडिओवर.”

फोन चालूच ठेवायचा होता. म्हणजे आता बाबांनी लावला असता तरी तो लागणार नव्हता. ते तिच्या लक्षात आलं तेव्हा ती कपाटात शिरली होती, आणि सासूबाईंनी बाहेरून दार लोटलं होतं.

आत अंधार. डांबरगोळ्यांचा वास, ठकीच्या पावडरीचा वास. नवऱ्याच्या कोटाची बाही गालाला लागत होती; ती तिनं मुठीत धरली. बाहेर सासूबाई ठकीला थोपटत येरझारा घालत होत्या, त्यांच्या चपलांचा आवाज येत होता. फोनमधून कार्यक्रमाची धून वाजली, संपली.

“नमस्कार मंडळी,” ती म्हणाली, आणि आवाज नेहमीसारखाच निघाला. तिचं तिलाच नवल वाटलं. “आपल्या घामट आत्या अजून हलायचं नाव काढत नाहीत. सकाळी अंघोळ करून निघालात तर आत्या दारातच मिठी मारतात, की पुन्हा अंघोळ करा. चार दिवस तरी त्यांचा पाहुणचार टळत नाही. माहेरवाशिणीनं कळवलंय की शनिवारी संध्याकाळी येते. तिचा शनिवार म्हणजे कोणता शनिवार, ते तिलाच ठाऊक. गप्प मामा उद्या दुपारी येतील, बसतील, घड्याळ बघतील आणि जातील. वाळत घातलेले कपडे त्यांच्यासाठी काढू नका.”

कार्यक्रमवाला पलीकडे खुदकन हसला. छान चाललं होतं. पुढचं वाक्य तिनं सकाळीच, पहिला फोन करण्याआधी, लिहून ठेवलं होतं: काका मुक्कामाला आलेत, पाणी विचारा, वाद घालू नका. अंधारातही ते पाठ होतं. तिनं तोंड उघडलं.

आणि मिटून घेतलं.

“ताई?” फोनमध्ये कुजबुज. “काका. काका राहिले.”

“तापट काका,” ती म्हणाली. “काल मी म्हणाले होते, ते नुसते डोळे वटारतात. तसं नाहीये. काल कागदावर वेगळं होतं आणि मी तुम्हाला हसवायला वेगळं सांगितलं. काका हात उगारतात. आणि उगारतात तेही पोरासोरांवर, म्हाताऱ्यांवर. घरात एकटं गाठून.”

“ताई, हलकं... हलकं...”

“हलकंच सांगते.” तिनं बाही आणखी घट्ट धरली. “मी कुणाचं नाव घेत नाही. तुमच्या वरच्या मजल्यावर कुणी एकटं राहत असेल. रेडिओ फार मोठ्यानं लावणारं. खुर्च्या ओढणारं, पहाटे धडधड करणारं. त्या आवाजाला तुम्ही वैतागलेले असाल. आज तो आवाज आला होता का? आठवून बघा जरा.”

बाहेर चपलांचा आवाज थांबला.

थोपटण्याचाही थांबला. ठकी लगेच रडायला लागली, पण तिला कुणी ‘अगं अगं’ म्हटलं नाही. मग कडी काढल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा आला, आणि ठकीचं रडणं जिन्यात गेलं. ते खाली गेलं नाही. पायरी पायरीनं वर चढत गेलं.

धून लावायची वेळ होऊन गेली होती आणि कार्यक्रमवाला ती लावत नव्हता.

तिच्या डोक्यावर, छतापलीकडे, दार वाजलं. थांबून पुन्हा वाजलं. “मास्तर!” सासूबाईंची हाक, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. “अहो मास्तर!”

दूर कुठल्या तरी गावात, गच्चीखालच्या खोलीच्या खाली, एक मुलगी आता रेडिओजवळ उभी असेल, किंवा नसेल. कदाचित भात शिजत असेल, कुणाशी भांडत असेल, तिनं आज रेडिओ लावलाच नसेल. वरून रोज येणारा तोच कार्यक्रम आज वरून येत नाही, हे तिच्या ध्यानात आलं असेल, किंवा नसेल.

ती फोनच्या इतकी जवळ सरकली की तिचा श्वासही ऐकू गेला असेल.

“आवाज आला नसेल तर वर जाऊन या,” ती म्हणाली. “गॅस बंद करा आणि जा. पाणी घेऊन जा बरोबर. दार नाही उघडलं तर परत वाजवा, हाक मारा, नाव माहीत नसलं तरी मारा. मला इथून काही करता येत नाही, मी फक्त हवामान सांगते. तुम्ही दोन पायऱ्यांवर आहात. एवढं बघून याल ना?”