रिकाम्या पाळण्याचा झोका

मी एक जुना सागवानी पाळणा आहे. तिवशातल्या एका घराच्या माळ्यावर, तुरीच्या पोत्यांमागे, पालथा पडलेला. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही, याची मला खात्री नाही. त्यातून मी जन्माचा भित्रा. तरी जे पाहिले ते सांगतो.

मेळघाटातला साग अचलपूरच्या एका सुताराकडे आला, आणि त्यातून मी घडलो. त्याने माझे गज गोल तासले, लाखेचा लाल-पिवळा रंग दिला, चारी कोपऱ्यांना लोखंडी कड्या ठोकल्या. नत्थुजी नावाच्या शेतकऱ्याने मला घेतले आणि एसटीच्या टपावर बांधून तिवशाला आणले. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला वाटे, आता दोर सुटतो आणि रस्त्यावर माझे तुकडे होतात.

मला आणले होते नत्थुजींच्या थोरल्या सुनेसाठी, दुर्गाबाईसाठी. तिला दिवस गेले होते. पण ते मूल पोटातच गेले, आणि मग पुन्हा काही झाले नाही. माजघराच्या तुळईला मी वर्षानुवर्षे रिकामा टांगलेला राहिलो. मला कोणी उतरवले नाही, माझ्याकडे कोणी पाहिलेही नाही. दुर्गाबाई तेवढी माझ्यावरची धूळ पुसत असे.

मग धाकट्या सुनेला, आशाबाईला, मुलगा झाला. भगवंत. बारशाला बाया माझ्या रंगाची तारीफ करत होत्या. आपल्याला खरेच काम मिळाले, यावर माझा विश्वास बसेना.

ते सुख फार टिकले नाही. भगवंत दूध टाकू लागला. लहान लेकरू थोडेफार टाकतेच, म्हणून आधी कोणी मनावर घेतले नाही. पण पुढे प्रत्येक पाजण्यानंतर तो धनुष्यासारखे अंग मागे ताणू लागला. मान वाकडी करी, मुठी आवळी, आणि असा रडे की माझ्या कड्या शहारत. माझ्यातल्या गोधडीला आंबट वास कायमचा चिकटला.

घरात शब्द चाले सासूचा, मनकर्णाबाईचा. तिची रीत ठरलेली होती. पोट तट्ट होईपर्यंत पाजायचे, लगेच माझ्यात टाकायचे, आणि दोरी ओढून उंच झोके द्यायचे. लेकरू रडले की ते भुकेले आहे असे म्हणून पुन्हा पाजायचे, पुन्हा झोके. तिने स्वतःची मुले अशीच वाढवली होती. नातवावर तिचा जीव होता, मित्रांनो, हे विसरू नका.

एका दुपारी झोका चालू असताना दूध नाकातोंडातून एकदम बाहेर आले. भगवंतचा श्वास अडकला. ओठ जांभळट झाले. आशाबाईने त्याला उचलले, पालथे धरून पाठ थोपटली, तेव्हा कुठे रडणे फुटले. त्या रडण्याने घराला हायसे वाटले. मी मात्र थरथरत राहिलो. हे माझ्या कुशीत घडले होते. पुढच्या खेपेला श्वास परत आलाच नाही तर?

दुसऱ्या दिवशी भगवंत आईजवळ होता आणि दुर्गाबाई एकटीच माझ्याशेजारी बसली होती. ओल्या फडक्याने तिने माझे गज पुसले. पुसता पुसता हात थांबला. तिने दोरी धरली आणि मला हळूच एक झोका दिला. मग आणखी एक. ती माझ्या आत पाहत होती, आणि माझ्या आत कोणी नव्हते.

मनकर्णाबाई दारात उभी होती.

"काहून वं दुर्गे, रिकामा पाळणा हालवून राहिली?"

तुम्हीही घरी ऐकले असेल, रिकामा पाळणा हलवला की बाळाच्या पोटात दुखते. त्या एका झोक्यावर सगळे खापर फुटले. लेकराला हात लावायचा नाही, पाळण्याजवळ फिरकायचे नाही, असे दुर्गाबाईला बजावण्यात आले. श्वास तर त्या झोक्याच्या आदल्या दिवशी अडकला होता, हे कोणाला आठवले नाही. दुर्गाबाईलाही तेच खरे वाटत होते. ती स्वतःच्या हातांना भिऊ लागली. पाणी भरताना पदरात हात गुंडाळून घेई.

भगवंतचे रडणे थांबेना, तेव्हा पोटावर डाग द्यायचे ठरले. तापलेल्या विळ्याचे टोक लेकराच्या पोटाला टेकवायचे. गावची सुईण तानुबाई या कामाला सकाळीच आली. तिचे म्हणणे होते, आतापर्यंत कितीक पोट्टे तिच्या हातून बरे झाले. जे बरे झाले नाहीत त्यांचे तिने काही सांगितले नाही.

चुलीत विळा लाल होऊ लागला. मला तो दिसत होता. मी लाकूड आहे, मित्रांनो. विस्तवाची भीती मला शिकवावी लागत नाही. पण त्या दिवशी मी माझ्यासाठी भ्यालो नव्हतो. नखाएवढी बेंबी असलेले ते पोट वर-खाली होत होते.

आशाबाईने लेकरू धरायचे होते. तिला ते धरवेना. ती भिंतीला टेकली, आणि जिला हात लावायची बंदी होती तिच्याकडेच वळली.

"बाई, तुमीच घ्या त्याले."

दुर्गाबाईने पदरातून हात काढले आणि भगवंतला घेतले. मांडीवर घेतले असते तर पोट उघडे झाले असते, तानुबाईला हवे तसे. पण ती इतकी घाबरली होती की तिने त्याला छातीशी उभे धरले, त्याची हनुवटी आपल्या खांद्यावर टेकवली आणि पोट स्वतःच्या अंगाने झाकून टाकले. तशीच ती उभी राहिली. पाठीवरून हात फिरवत.

भगवंतला मोठी ढेकर आली. म्हाताऱ्या माणसासारखी. रडणे अर्ध्यात तुटले, आणि थोड्या वेळाने तो झोपला.

"पाळण्यात टाक आता," मनकर्णाबाई म्हणाली. माझ्यात आडवे केल्याबरोबर तो पुन्हा अंग ताणून रडला. दुर्गाबाईने उभे धरले, गप्प झाला.

ओसरीवरून नत्थुजी हे पाहत होते. ते उठले, विळा चुलीतून ओढून पाण्याच्या बादलीत बुडवला. चर्र आवाज झाला.

"पयले अमरावतीच्या डाक्टरले दाखवू," ते म्हणाले. तानुबाई पुटपुटत निघून गेली.

संध्याकाळी सगळे परतले तेव्हा नत्थुजींनी जे सांगितले ते मी कान देऊन ऐकले. डॉक्टरीणबाईंनी लेकराला नीट तपासले, तोलले. वजन चांगले वाढत होते. लहानग्यांच्या पोटाच्या वरच्या तोंडाचे झाकण कच्चे असते. पोट तट्ट भरले आणि हिसके बसले की दूध आंबट होऊन वर येते आणि छातीत जळते. थोडे थोडे पाजा, मग खांद्यावर उभे धरा, ढेकर येऊ द्या, आणि पोट निवले की उताणे, सपाट निजवा, उशी न देता. बसू लागला की हळूहळू कमी होईल. पण उलटी हिरवी झाली, रक्त दिसले, वजन थांबले किंवा पुन्हा श्वास अडला, तर उशीर न करता घेऊन या. आणि डाग कधीही नको.

मनकर्णाबाईने तिथे एकच गोष्ट विचारली होती, रिकाम्या पाळण्याची.

"रिकामा कितीही हलवा, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "भरल्या पोटाचं लेकरू तेवढं हलवू नका."

आम्हाला नेमके उलटे ठाऊक होते.

भगवंत पुढेही कित्येक दिवस दूध टाकत राहिला, पण ते भय गेले. पाजले की तो दुर्गाबाईच्या खांद्यावर जाई. एका दुपारी तो तसाच झोपला असताना मनकर्णाबाई माझ्यापाशी आली. चुकले असे ती कधी कोणाला म्हणाली नव्हती, त्या दिवशीही म्हणाली नाही. तिने माझी दोरी उचलली आणि थोरल्या सुनेच्या मोकळ्या हातात दिली.

"हालव," ती म्हणाली.

आता भगवंत शाळेत जातो. माझा रंग उडाला, एक कडी गंजली, आणि मी माळ्यावर आलो. त्याची तक्रार नाही. एवढेच मागतो की घरातले तान्हे फार रडले तर आधी त्याला उभे धरा, डॉक्टरांना दाखवा, आणि कोणा बाईच्या हाताकडे बोट दाखवू नका. आणि कधी माळ्यावर चढलात, तर मला सरळ करून एक झोका द्या. भिऊ नका. त्याने कोणाचे पोट दुखत नाही.