कंबर नसलेली मुंगी

तिसरीच्या बाईंनी मुलांना बजावलं होतं, "प्रत्येकानं एक मेलेला किडा काडेपेटीत घालून आणायचा. जिवंत नको, आणि शेजारच्याच्या डब्यात तर मुळीच टाकायचा नाही!"

दुसऱ्या दिवशी टेबलावर चोवीस काडेपेट्या जमल्या. बाई एकेक उघडून दाखवू लागल्या. डोकं, छाती, पोट. पाय सहा. कोळ्याला आठ, म्हणून तो कीटक नाही. कोळी आणणाऱ्याची मुलांनी यथेच्छ टिंगल केली.

मग चिमणीची पेटी आली. वर्गातली सगळ्यात लहानखुरी, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत.

"बाई, माझी पंखवाली मुंगी!"

बाईंनी भिंग धरलं. "मुंगीची कंबर कशी असते?"

"बारीक!" वर्ग ओरडला.

"हिची?"

चिमणीनं भिंगाला नाक लावलं. "हिला नाहीच. आमच्या मामासारखी सरळसोट."

वर्ग खो खो हसला. बाईंना हसू आलं नाही. किड्याच्या मिशा मुंगीसारख्या मध्येच वाकलेल्या नव्हत्या, मण्यांच्या सरीसारख्या सरळ होत्या.

"ही वाळवी आहे. कुठे सापडली?"

"इथेच, कपाटामागे. रोज पंखांचा ढीग पडलेला असतो."

बाईंनी कपाट सरकवलं. ओंजळभर पंख होते. पंख फुटलेली वाळवी जुनं घर सोडून नवं शोधते आणि बसली की पंख गाळते, हे त्यांना पाठ होतं. जुनं घर कुठे, एवढंच बघायचं होतं. त्यांनी लाकडी खांबावर टिचकी मारली. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. कंपासचं टोक टेकवलं, तर ते लोण्यात शिरावं तसं आत गेलं. त्या खांबावर तुळई होती, आणि तुळईवर शाळेचं अख्खं ग्रंथालय.

बाई तडक मुख्याध्यापिकांकडे गेल्या. मोठ्या बाईंनी मान वर केली नाही. "किड्यांचा धडा आला म्हणून शाळेतच किडे शोधायला लागलात? चाळीस वर्षं उभा आहे तो खांब. सुट्टीत बघू."

बाई परतल्या तेव्हा मुलं खाली माना घालून लिहीत होती. चिमणीच्या वहीवर वरून पिठासारखी भुकटी पडली. तिनं ती फुंकरली. पुन्हा पडली.

बाईंनी वर तुळईकडे पाहिलं. "दप्तरं राहू देत. उठा. रांगेत, हळू. पाय आपटायचे नाहीत."

अंगणात त्यांनी डोकी मोजली. चोवीस. तेवढ्यात मोठ्या बाई तणतणत आल्या. "कोणाच्या परवानगीनं वर्ग बाहेर काढलात?"

बाई उत्तर देणार, तोच आत कापड फाटल्यासारखा आवाज झाला. मग ग्रंथालय खाली आलं. खिडक्यांतून धुळीचा लोट बाहेर पडला.

मोठ्या बाईंनी बाईंचा दंड गच्च धरला. "पलीकडे दुसरीचा वर्ग... तीच तुळई..."

दोघी धावत सुटल्या. दुसरीची मुलं त्यांनी हाताला लागतील तशी ओढून बाहेर काढली. कोणाला खरचटलं, कोणाची चप्पल राहिली. जीव मात्र सगळे वाचले.

दुपारी पोरांना घरी सोडल्यावर सुतार आला. अकरा खांब त्यानं वाजवून पाहिले. नऊ पोकळ निघाले. मग त्यानं पंखांची चिमूट तळहातावर घेतली.

"रोज पडत होते म्हणता?"

"हो."

"मग शाळेची चिंता सोडा, बाई. शाळा तर संपली." तो समोरच्या गल्लीकडे बघत राहिला. "हे पंख इथेच बसल्या त्यांचे. पण किती उडून गेल्या आणि कोणाकोणाच्या घरात बसल्या, ते कोण सांगणार?"

गल्लीतल्या घरांची दारं लाकडाची होती. एका दारात चिमणी आईला बिलगून उभी होती.