चालत्या घराचं दार

शालिग्राम जाधवने फ्रीजच्या दारात कागदाची पट्टी धरली, दार लावलं आणि पट्टी ओढून पाहिली. हलली नाही. मग वरच्या कोपऱ्यात धरली, बिजागरीच्या बाजूला धरली, गुडघे टेकून खालीही धरली. सगळीकडे दाराच्या रबराने ती गच्च पकडून ठेवली.

"रबर तर एकदम फिट आहे, बाई," तो म्हणाला.

"मग उघडतं कसं?" उमाबाईंनी विचारलं. आवाज मुख्याध्यापिकेचा होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी तो आवाज काही पेन्शनीत निघाला नव्हता.

"बघू ना. अजून बिजागरी आहे, खटका आहे. गाडी वाकडी उभी असेल तरी दार नखरे करतं."

त्याने पिशवीतून पाणसळ काढून फ्रीजच्या माथ्यावर ठेवली. बुडबुडा मधोमध स्थिर राहिला. गाडीही सरळ होती.

गाडी म्हणजे घरच होतं. नेमावरच्या घाटाजवळच्या मोकळ्या मैदानात ते उभं होतं. आत पलंग, ओटा, शेगडी, न्हाणी आणि ओट्याखाली हा बुटका फ्रीज. घरातल्या फ्रीजला नुसतं रबर पुरतं. चालत्या गाडीत हिसके बसतात, म्हणून याच्या दाराला वरून फिरवायचा खटका होता. तो फिरवून बसवला की 'खट्' असा आवाज यायचा आणि मग गाडी कितीही उडाली तरी दार उघडायचं काही कारण नव्हतं. तरी ते उघडत होतं. धारहून आलेलं हे जोडपं, भैयासाहेब आणि उमाबाई तारे, नर्मदेची परिक्रमा करत होतं आणि निम्म्या वाटेत या दाराने त्यांना जेरीस आणलं होतं. दही सांडलं, लोणच्याची बरणी फुटली. परवा तर सांडलेल्या दुधावरून भैयासाहेब घसरले आणि त्यांचा गुडघा सुजला.

"मुलाने निर्वाणीचं सांगितलंय," उमाबाई म्हणाल्या. "ही गाडी श्रेयसनेच ठरवून दिली. म्हणतो, आई, एकदा जरी दार पुन्हा उघडलं, तर मी विमानाने येतो आणि दोघांना घरी घेऊन जातो. घरी गेलं की संपलंच. अर्धी परिक्रमा टाकून गेलेला माणूस पुन्हा निघत नाही, जाधवजी. आमच्या वयाला तर नाहीच."

पूल ओलांडला असता तर पलीकडे हंडिया, पुढे हरदा, तिथे मोठी दुकानं होती. श्रेयस फोनवर तेच घोकत होता. पण परिक्रमेत नर्मदा उजव्या हाताला ठेवायची आणि ओलांडायची नाही. एका खटक्यापायी मैया ओलांडली तर मग निघालोच कशाला, असं उमाबाईंचं म्हणणं. म्हणून याच काठावरचा माणूस शोधणं भाग पडलं आणि लोहारद्याच्या शालिग्राम जाधवला बोलावणं गेलं.

शालिग्रामचं दुकान बघून कुणी भारावून जाण्यासारखं नव्हतं. पण त्या टापूत त्याचा एक लौकिक होता. दोष नसेल तर हा माणूस नाही म्हणून सांगतो. गॅस भरलेला असताना गॅस संपला म्हणायचं, चांगला कॉम्प्रेसर खराब ठरवायचा, हे त्याला उभ्या आयुष्यात जमलं नाही. शिवाय काढलेला जुना पार्ट तो गिऱ्हाइकाच्या हातात ठेवल्याशिवाय उंबरा उतरत नसे. त्याची बायको मालन कधीकधी वैतागून विचारायची, "आज भाजी नाही घरात. तुमच्या खरेपणालाच फोडणी देऊ का?" तो हसायचा. खरं सांगायचं तर त्या लौकिकापलीकडे त्याच्याजवळ मिरवण्यासारखं काही नव्हतं.

"पाणी दिलंस का गं यांना?" पलंगावरून भैयासाहेबांनी विचारलं. गोरापान, ताठ बसलेला म्हातारा. अंगात इस्त्रीचा सदरा आणि वर तपकिरी स्वेटर.

"दिलं हो," उमाबाई म्हणाल्या.

शालिग्रामला पाणी मिळालं नव्हतं. पण पौषातली सकाळ होती, तहान कुणाला होती.

"बिजागरी बरोबर. खटकाही बरोबर," तो शेवटी म्हणाला. "उभ्या गाडीत काही पकडात येणार नाही. थोडी चालवून बघावी लागेल. चला ना भिया, एक चक्कर मारू."

हे तो ड्रायव्हरला म्हणाला. हुकुमसिंग तिरल्याकडचा, पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा. त्याचा घसा इतका बसला होता की बोलणं कमी आणि वारा जास्त ऐकू येत होता.

"चलो भिया," तो घोगरला. "सब मेरे को ही बोलते हैं कि मोड़ पे ज़ोर से काटता हूँ।"

"काटता का?"

हुकुमसिंगने नुसती मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, ते कळलं नाही.

शालिग्राम फ्रीजसमोरच्या बाकावर बसला. निघण्याआधी त्याने स्वतः खटका बसवला आणि दार ओढून पाहिलं. गाडी खातेगावच्या रस्त्याला लागली. खड्डे आले, एक गतिरोधक आला, एक चांगलं वळण आलं. दार ढिम्म. हुकुमसिंग तर गाडी अशी हाकत होता की मागे बाळंतीण बसली असावी.

पुढे म्हशींचा कळप आडवा आला आणि गाडी थांबली.

भैयासाहेब उठले. सुजलेल्या गुडघ्यावर हात ठेवून उठले, सदऱ्याच्या बाह्या सारख्या केल्या आणि फ्रीजपाशी आले. खटका फिरवला. बाटली काढली, ओट्यावरचा स्टीलचा पेला घेतला, काठोकाठ भरला आणि पुढे जाऊन हुकुमसिंगसमोर धरला.

"या, या. उन्हातून आलात. आधी पाणी घ्या."

बाहेर धुकं होतं. हुकुमसिंगने दोन्ही हातांनी पेला घेतला, सगळा प्यायला, पालथा करून दाखवला आणि म्हणाला, "मज़ा आ गया, बाबूजी।"

भैयासाहेब प्रसन्न हसले. परत येऊन त्यांनी बाटली जागेवर ठेवली, दार नुसतं लोटलं आणि बसले. बसता बसताच चेहऱ्यावरचं हसू विरून गेलं. आपण कशाला उठलो होतो, हे ते विसरले होते. म्हशी गेल्या. गाडी सुरू झाली आणि पहिल्याच वळणावर दार सताड उघडलं. दह्याची वाटी गडगडत शालिग्रामच्या पायाशी आली.

त्याने उमाबाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

मैदानात परत आल्यावर त्या खाली उतरल्या आणि शालिग्रामला गाडीच्या मागच्या बाजूला घेऊन गेल्या.

"तुम्हाला वाटलं असेल, बाईला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. धारला आमच्या गल्लीत पहिला फ्रीज आमच्याकडे आला. तेव्हापासून आल्यागेल्याला पाणी हेच देत. मी उठले तरी मला बसवत. इंजिनियर माणूस, हाताखाली शिपाई, पण पाहुण्याला पाणी आपल्या हातानेच. आता गाडी थांबली की यांना वाटतं, कुणी तरी आलं."

"मुलाला सांगितलं नाही?"

"विसरतात एवढं त्याला माहीत आहे. इतकं विसरतात ते नाही. सांगितलं तर उद्या इथे हजर होईल." त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "नोकरीत होते तेव्हापासून म्हणत होते, उमा, एकदा परिक्रमा करू. मैया म्हटलं की यांना अजून कळतं. सकाळी हात जोडतात. मला कधी कधी ताई म्हणतात, पण मैयाला मैयाच म्हणतात. ते आहे तोवर मला पुरी करायचीय. मी खोटं बोलते आहे, हुकुमसिंगवर आळ येऊ दिला, सगळं मान्य. तुम्ही फक्त त्या दाराला कुलूप बसवून द्या."

शालिग्रामने बाजारातून एक लहान कुलूप आणि दोन कोयंडे आणले. काम सोपं होतं. दाराला भोकं पाडताना मात्र त्याला चांगल्या खोडावर कुऱ्हाड घातल्यासारखं वाटत होतं. कुलूप बसलं. किल्ली उमाबाईंनी पदराला बांधली.

तेवढ्यात घाटावरून येणारी दोन परिक्रमावासी माणसं गाडीच्या दाराशी थबकली. झोळी, काठी, पांढरे कपडे. "नर्मदे हर!" त्यांनी आवाज दिला.

"हर हर!" आतून भैयासाहेबांनी उत्तर दिलं आणि ते उठले. बाह्या सारख्या केल्या. खटका फिरवला. दार ओढलं. पुन्हा ओढलं. कुलूप त्यांना दिसत होतं, पण ते काय आहे हे उमगत नसावं. ते त्याला बोट लावून बघत राहिले.

मग वळून म्हणाले, "उमा, आपल्याकडे पाणी नाही का गं?"

उमाबाईंचा हात पदराच्या गाठीकडे गेला.

"माणसं दारात उभी आहेत," भैयासाहेब ओशाळून म्हणाले. कुणाच्या तरी घरी आगंतुक म्हणून आल्यासारखे ते स्वतःच्याच ओट्यापाशी अवघडून उभे होते.

उमाबाईंनी पदराची गाठ सोडायला घेतली. गाठ सुटेना. शेवटी दाताने सोडून त्यांनी किल्ली शालिग्रामच्या हातात दिली.

"काढा ते," त्या म्हणाल्या. "श्रेयसला यायचं तर येऊ दे."

शालिग्रामने कुलूप काढलं, मग कोयंडेही काढले. भैयासाहेबांनी बाटली घेतली, पेला भरला. दोघे परिक्रमावासी त्या गारठ्यात बर्फासारखं पाणी मुकाट प्यायले आणि नमस्कार करून पुढे गेले.

हुकुमसिंग गाडीच्या पायरीशी उभा होता. खाकरून म्हणाला, "माताजी, एक बात बोलूँ? गाड़ी रुकेगी तो बाबूजी पानी देंगे। मैं पी लूँगा। फिर पीछे आके खटका मैं लगाऊँगा, तब गाड़ी चलाऊँगा। इतनी सी तो बात है।"

"आणि घसा?"

"घसा तो बैठ ही गया, और कितना बैठेगा!"

उमाबाई हसल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि मग बराच वेळ पुसतच राहिल्या.

"इतके दिवस का नाही बोललास रे?"

"आप बोल ही नहीं रहे थे, तो मैं कैसे बोलता?"

तेव्हाच फोन वाजला. श्रेयस होता. उमाबाईंनी काही म्हणायच्या आधी तो म्हणाला, "आई, मेकॅनिकला फोन दे. मला डायरेक्ट बोलायचंय."

शालिग्रामने फोन कानाला लावला.

"अंकल, फॉल्ट काय होता? खरं सांगा. दार आपोआप खुलत होतं, की कोणी खोलत होतं?"

उभं आयुष्य शालिग्रामने एकच वाक्य जपलं होतं, दोष नाही म्हणजे नाही. ते वाक्य ओठावर तयार होतं. समोर उमाबाई उभ्या होत्या. त्या हात जोडत नव्हत्या, खुणावत नव्हत्या, नुसत्या उभ्या होत्या. गाडीत भैयासाहेब रिकामा पेला विसळून पालथा ठेवत होते.

"खटका ढिला होता, साहेब," शालिग्राम म्हणाला. "आतली स्प्रिंग गेली होती. झालं काम."

"पक्का?"

"पक्का. माझी जबाबदारी."

फोन परत देताना त्याने कुणाकडे पाहिलं नाही. एक नुसतं वाक्य, पण सगळ्या अंगातून काही काढून दिल्यासारखं त्याला हलकं आणि पोकळ वाटत होतं. मालनला हे कसं सांगावं, ते त्याला सुचेना. सांगितलं तर ती थट्टा करणार नाही, एवढं मात्र त्याला ठाऊक होतं.

हत्यारं भरून झाल्यावर त्याने ते कुलूप आणि कोयंडे कागदात गुंडाळले आणि उमाबाईंच्या पुढे धरले.

"हे काय?"

"काढलेला पार्ट. गिऱ्हाइकाचा असतो."

त्यांनी पुडी घेतली आणि कपाळाला लावली.

गाडी निघाली, पण मैदानाच्या टोकाला, जिथे शालिग्राम बसची वाट बघत उभा होता, तिथे पुढे ट्रॅक्टर आल्याने थांबली. दार उघडलं. भैयासाहेब पायरीवर उभे होते, हातात काठोकाठ भरलेला पेला. त्यांनी शालिग्रामकडे पाहिलं. सकाळपासून जो माणूस त्यांच्या ओट्यापाशी गुडघे टेकून बसला होता, त्याला ते मुळीच ओळखत नव्हते.

"या, या. लांबून आलात? आधी पाणी घ्या."

शालिग्रामने पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी पेला घेतला. पाणी दातांत झिणझिणत गेलं. त्याने ते सगळं संपवलं.

"घर छान आहे आपलं," तो म्हणाला.

"येत जा," भैयासाहेब म्हणाले आणि पेला घेऊन आत गेले.

ट्रॅक्टर गेला, रस्ता मोकळा झाला, तरी गाडी जागची हलली नाही. शालिग्राम कान देऊन उभा राहिला. पुढचं दार उघडल्याचा आवाज झाला. हुकुमसिंगची पावलं मागे गेली. मग आतून 'खट्' असा आवाज आला, आणि मैयाला उजव्या हाताला ठेवून गाडी निघाली.