नोकरीचं घर

उत्तर ध्रुवाकडच्या आमच्या गावात ओलूटीने सरकारी नोकरी धरली तेव्हा तिचा बेत सरळ होता: दोन हिवाळे काढायचे आणि सोडायची. दवाखान्यात नर्सचं इंग्रजी म्हाताऱ्यांना आमच्या भाषेत सांगायचं, एवढंच काम. मग ती कारकून झाली, मग मुख्य कारकून, आणि केस पांढरे होईतो गावची सरकारी कचेरीच चालवू लागली. पाटी साहेबाची, काम हिचं. साहेब दक्षिणेतून यायचे, थंडीला नावं ठेवायचे आणि वर्ष-दोन वर्षांत सीलच्या कातड्याचे हातमोजे भेट घेऊन विमानात बसायचे. प्रत्येकाच्या निरोपाचा केक हिनेच कापला.

ती स्वतः जाईना, कारण घर नोकरीचं होतं. नोकरी सुटली की किल्ली परत. त्या घरात नवरा, मुलगा, सून, नातवंडं आणि मुलगी कूनू दाटीवाटीने राहत. झाडच उगवत नाही अशा मुलखात घराचा खिळासुद्धा जहाजाने येतो. दुसऱ्या घराच्या रांगेत माणसं म्हातारी होतात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत.

तिला जायचं होतं खाडीच्या टोकाला, वडिलांच्या लाकडी खोपीत. बर्फाला भोक पाडून मासे धरायचे, चहा प्यायचा आणि कुणाच्या कसल्याही प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही. स्नोमोबाइलवरून तिकडे नेणार होती कूनू. कूनू दिवसभर शिकारीला बाहेर असे. घरात ती फक्त झोपायला आणि थट्टा करायला यायची. तिला ओलूटीच्या मेलेल्या आईचं नाव होतं. नावाबरोबर आमच्याकडे नातंही येतं, म्हणून ओलूटी लेकीला आई म्हणे आणि लेक तिला पोरी.

यंदा डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, नजर फार दिवस टिकायची नाही. खाडी बघायची तर आत्ताच.

संध्याकाळी सगळे जमिनीवर पुठ्ठा अंथरून गोठलेलं कॅरिबू हरणाचं मांस खात होते.

"मी नोकरी सोडतेय," ती म्हणाली.

सुनेने धाकट्याला जवळ ओढलं. नवरा हाड चोखत राहिला. आमच्यात कुणी कुणाला अडवत नाही, हीच मोठी पंचाईत; अडवलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

"सोड पोरी," कूनू म्हणाली. "घराचं बघू."

"काय बघशील, आई? बर्फाचं बांधशील?"

"तुझ्या नवऱ्याच्या घोरण्याने वितळेल ते."

निरोपाला अख्खा गाव सभागृहात जमला. ग्रॅहॅम नावाचा नवा साहेब उभा राहिला. "ओलूटीच्या घरच्यांनी काळजी करू नये," तो म्हणाला. "कूनू सोमवारपासून कचेरीत येतेय. घर त्यांच्याकडेच राहील."

टाळ्या पडल्या. ओलूटीच्या नवऱ्याने डोळे पुसले.

तिने लेकीला चहाच्या टेबलापाशी गाठलं. "खरं आहे हे?"

कूनूने नुसत्या भुवया उचलल्या. आमच्यात त्याचा अर्थ हो.

"तू खुर्चीवर तासभर टिकायची नाहीस."

"तूही टिकत नव्हतीस. मला नको सांगू, मी तुझी आई आहे."

"मला खाडीला कोण नेणार?"

"रविवारी नेईन."

"आणि रविवारी वादळ असलं तर?"

"मग पुढच्या रविवारी."

ओलूटीला भयंकर राग आला. पण पोरं बेघर होणार नाहीत म्हणून तिचा जीव भांड्यात पडलाही होता, आणि त्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

सोमवारी वारा अजिबात नव्हता. बर्फावर सील ऊन खात पडले होते. तिला ते नुसते काळे ठिपके दिसले. कूनू ओलूटीचा स्वेटर घालून दारात बूट चढवत होती.

"पोरी, दिवसभर तिथे बसायचीस कशी तू?"

आपण सांगितलंच नाही तर ही कंटाळून परत येईल, खाडीला नेईल, असं ओलूटीच्या मनात येऊन गेलं. नातू मागे कोरडे ओट चावत होता.

"खाडी दिसते त्या खिडकीकडे पाठ करून बस," ती म्हणाली.