पुंजारामबाबांचा ट्रॅक्टर माझ्यात चालायचा

मित्रांनो, मी ॲपलचा एक पांढरा लॅपटॉप आहे. पांढरा म्हणायचं ते जुन्या ओळखीने. आता माझा रंग ताकात हळद पडल्यासारखा झाला आहे, मनगट टेकायची कड तुटली आहे आणि दोन बटणं जागेवर नाहीत. भातकुलीतल्या एका घरात कपाटाच्या खालच्या कप्प्यात मी पडून असतो. मी सांगणार आहे ती गोष्ट माझी एकट्याची नाही. ती एका ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसाचीही आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी फार तोऱ्यात होतो. पुण्यात इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका साहेबांच्या काचेच्या टेबलावर मी तीन वर्षं काढली. त्यांनी नवा घेतला आणि मी हिंडत हिंडत अकोल्याला परवेजच्या दुकानात आलो. परवेज जुने संगणक दुरुस्त करून विकायचा. तिथून साधनाने मला घरी आणलं. ती अकोल्यात डिझाइनचा कोर्स शिकली होती आणि भातकुलीला घरी बसून अमरावतीच्या एका छापखान्यासाठी लग्नपत्रिका करायची. तिने माझ्यावर इतके गणपती आणि इतके कलश काढले की मला ते पाठ झाले.

साधनाचे वडील म्हणजे पुंजारामबाबा. गावातल्या नत्थुजींचा ट्रॅक्टर त्यांनी बावीस वर्षं चालवला. त्यांच्या नांगराचं तास, म्हणजे मातीत उमटणारी चरी, दोरी लावल्यासारखं सरळ जायचं, असं लोक सांगत. मग ती वाईट वर्षं आली. एका वर्षी पावसाने पाठ फिरवली, दुसऱ्या वर्षी उभं सोयाबीन पाण्यात सडलं. पेरायलाच हिंमत राहिली नाही तर नांगरायला कोण बोलावणार? नत्थुजींनी ट्रॅक्टर विकला. नवा मालक तो घेऊन गेला, त्या दिवशी बाबा फाट्यापर्यंत त्याच्या मागे चालत गेले होते म्हणे. महिन्याभरात त्यांना लकव्याचा झटका आला आणि डावा हात लुळा पडला.

डॉक्टरांनी सांगितलं, बोटं हलवत राहा, नाहीतर मूठ कायमची मिटेल. दाबायला रबरी चेंडू दिला. बाबांनी तो भिंतीवर फेकला. "मी काय लेकरू हावो?" एवढंच म्हणाले, आणि दिवसभर आढ्याकडे बघत पडून राहू लागले.

साधनाला एक उपाय सुचला. संगणकावर ट्रॅक्टर चालवायचा एक खेळ असतो, हे तिला ठाऊक होतं. पण तो चालायचा फक्त विंडोजवर. मी पडलो ॲपलचा. ती मला घेऊन परवेजकडे गेली.

"परवेजभाऊ, याच्यावर विंडोजचे गेम चालतीन का?"

"चालतीन नं," परवेज म्हणाला. "डिस्कचे दोन वाटे करा लागन. एकात तुहं काम, दुसऱ्यात विंडोज. चालू करताना हे बटन दाबून धराचं, मंग तो इचारते कोन्या घरात जाचं हाय. पन एक ध्यानात ठेव. खेळताना हा लय तापते."

असा मी दोन घरांचा झालो. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला लाज वाटली. पुण्यातल्या टेबलावर विंडोजचं नाव काढलं तरी साहेब नाक मुरडायचे. आणि आता माझ्याच अंगात ते नांदत होतं.

पण पुंजारामबाबांनी पहिल्यांदा मला मांडीजवळ घेतलं, आणि माझी लाज कुठल्या कुठे गेली.

पडद्यावर परक्या मुलुखातलं हिरवंगार शेत आलं, लाल ट्रॅक्टर आला. साधनाने बाबांचा उजवा हात माऊसवर ठेवला. डाव्या हाताची बोटं एकेक करून उघडली आणि माझ्या बटणांवर ठेवली. "हे दाबलं का पुढं, हे दाबलं का मांगं." बाबांनी दात आवळून जोर लावला. मग मधलं बोट थरथरलं. ट्रॅक्टर वीतभर पुढे सरकला.

"चालला!" स्वयंपाकघरातून धावत आलेल्या कौशल्याबाई, म्हणजे साधनाची आई, नवऱ्याच्या बोटाकडे बघत ओरडल्या.

त्यानंतर रोज सकाळी साधनाचं काम आणि दुपारी बाबांची नांगरटी. दोन महिन्यांत त्यांची तीन बोटं सुटी झाली. खेळातलं एक मात्र त्यांना पटत नसे.

"अठी पाऊस काहून नाही पडत?"

"नाही पडला तरी पीक येते, बाबा. खेळ तसाच बनवेल हाय."

बाबा हसले. फार दिवसांनी हसले. "मंग ज्यानं बनवला, त्याले भातकुलीले बोलाव एकडाव."

एकदा नत्थुजी भेटायला आले. ट्रॅक्टर विकल्यापासून ते या घरी फिरकले नव्हते. दारात अवघडून उभे राहिले. बाबांनी जवळची जागा हाताने झटकली. नत्थुजी बसले, पडदा बघू लागले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "पुंजाराम, तास वाकडं जाऊन राह्यलं." "हात वाकडा हाय मालक, तास नाही," बाबा म्हणाले. नत्थुजी पडद्याच्या आणखी जवळ सरकले. त्या दिवशी मी दोन माणसांचं शेत होतो.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सुखाचा काळ एवढाच.

घरामागे कापसाचं जिनिंग होतं. हंगाम सुरू झाला की सरकीपासून वेगळा होताना कापसाचा बारीक रुवा उडायचा आणि गल्लीभर पसरायचा. तो भांड्यांवर बसायचा, गाद्यांवर बसायचा, आणि माझ्या पोटातल्या पंख्यातही जायचा. त्या हिवाळ्यात मला धाप लागू लागली. मी घरघरायचो, शिट्टीसारखा आवाज काढायचो. कौशल्याबाई म्हणायच्या, "आज हे मशीन लय बोंबलून राह्यलं." साधना म्हणायची, "खेळताना असंच होते." मी सांगत होतो, पण माझी भाषा कोणाला येत नव्हती.

माघातल्या एका दुपारी साधना अमरावतीला छापखान्यात गेली होती. बाबा शेताच्या अर्ध्यावर आले होते. माझ्या पोटात काहीतरी जळल्याचा वास आला आणि पडदा काळा झाला. साधना परत आली तेव्हा बाबा मला मांडीवर घेऊन पदराने वारा घालावा तसा आपल्या दुपट्ट्याने वारा घालत होते.

तिच्या तीन लग्नांच्या पत्रिका माझ्यात अडकल्या होत्या. मुहूर्त तोंडावर आले होते. ती घाबरली आणि घाबरलेल्या माणसासारखं बोलून गेली.

"बाबा, तुमाले खेळाचंच पडलं हाय! माहं सारं काम गेलं!"

बाबांनी मला हळूच खाली ठेवलं. डावा हात दुपट्ट्याखाली घेतला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने साधना मला अकोल्याला घेऊन गेली. परवेजने माझं पोट उघडलं आणि चिमट्याने रुव्याचा एक गठ्ठा बाहेर काढला. "हे पाह्य. गेमनं नाही झालं. पंख्यात एवढा कापूस बसला तर लगनपत्रिकेनंबी जळलं असतं. दर महिन्याले साफ केलं असतं तर काईच नसतं झालं." डिस्क शाबूत होती. चार दिवसांत मी बरा झालो. पत्रिका वेळेत छापल्या गेल्या.

घरी येताच साधना बाबांजवळ बसली. "बाबा, तुमच्यानं नाही झालं. रुवा होता पंख्यात. परवेजभाऊनं काढून दाखवला."

"बरं," बाबा म्हणाले.

"मंग खेळा नं. शेत अर्धं राह्यलं तुमचं."

"नोको माय. तू माह्या मनासाठी म्हनतं. मले समजत नाही का?"

तिने पुन्हा सांगितलं. आईकडून सांगवलं. माझ्यावर शेत उघडून मला त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी उजव्या हाताने माझं झाकण मिटलं, अगदी सावकाश, झोपलेल्या लेकरावर पांघरूण ओढावं तसं. तो गठ्ठा परवेजने दुकानातच झाडून टाकला होता. दाखवायला तिच्याकडे काही नव्हतं. शेवटी तिने परवेजला फोन केला, एकदा भातकुलीला येऊन बाबांना सांगून जा म्हणाली. तो येतो म्हणाला. पण दुकान एकट्याचं, राहून गेलं.

डाव्या हाताची बोटं एकेक करून मिटत गेली. मी रोज कपाटावरून बघत होतो. फाल्गुनात करंगळी गेली, होळीनंतर मधलं बोट. चैत्रात दुसरा झटका आला आणि पुंजारामबाबा गेले.

परवेज तेराव्याला आला. कौशल्याबाईंसमोर बसून म्हणाला, "काकू, खरंच रुवा होता. मी आधीच इथं याले पायजे होतं." कौशल्याबाईंनी त्याला पाणी दिलं. साधना उठून आत गेली.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या यंत्रांना महिन्यातून एकदा उघडून पुसा. त्यांचा आवाज बदलला तर थांबून ऐका. आणि रागात कोणाला काही बोलून गेलात, तर खरं काय ते सांगायला एकदा जाऊन थांबू नका. समोरच्याला पटेपर्यंत जा. यंत्राचा कचरा चिमट्याने निघतो. माणसाच्या मनात बसलेलं तसं निघत नाही.

साधनाकडे आता नवा संगणक आहे. तरी महिन्यातून एका रविवारी ती मला कपाटातून काढते, उन्हात पाटावर ठेवते, माझ्या मागचे स्क्रू सोडते आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने माझा पंखा साफ करते. मी आता चालू होत नाही, हे तिला ठाऊक आहे.