क्रिएटिनिन कमी आलं

बावीस वर्षं मी लोकांचं रक्त काढते. सुई टोचताना मी माणूस बघत नाही, शीर बघते. तीच सवय मला नडली.

अप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, थोरले भाऊ किडनीने गेले. आमचे अप्पा सुतार, जन्मात कशाला भ्याले नाहीत, पण तेव्हापासून त्यांनी किडनीचा असा धसका घेतला की विचारू नका. कोणीतरी कानात भरलं, प्रोटीनने किडनीवर ताण येतो. झालं. अंडी बंद, मासे बंद, दूध बंद, कडधान्यंसुद्धा बंद. उरला मऊ भात आणि चहात बुडवलेली बिस्किटं. मी काय केलं? दर सहा महिन्यांनी घरीच रक्त काढून लॅबमध्ये नेलं आणि किडनी बिघडली की वाढतो तो क्रिएटिनिनचा आकडा वाचून दाखवला. एक, मग पॉइंट आठ, मग पॉइंट सहा. "वा अप्पा, किडनी विशीतल्या पोराची आहे तुमची." ते खूश, मी खूश. आकडा वाढला तर आम्ही घाबरतो. कमी झालेल्याकडे कोण ढुंकून बघतंय?

आज मात्र लॅबच्या डॉक्टरीणबाई रिपोर्टवर सही करता करता थांबल्या. "पॉइंट चार? कोण आहेत हे? अंथरुणाला खिळलेत का?"

"माझे वडील. चांगले हिंडतात-फिरतात."

"अगं, क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. स्नायूच झिजले तर येणार कुठून? जेवतात काय?"

मी सांगितलं. त्यांनी सही न करताच पेन खाली ठेवलं.

घरी येताना एकेक आठवायला लागलं. बरणीचं झाकण उघडेना म्हणून अप्पांनी ती शेजाऱ्यांकडे दिली होती. जिन्यात दोनदा बसले होते. परवा मोरीत पडले, तर मी फरशीला शिव्या दिल्या. आत्ता पुन्हा पडले असतील तर? जवळजवळ पळतच मी घर गाठलं.

अप्पा खुर्चीत होते. "किती आलं?"

"आधी हात न टेकता उठून दाखवा."

"बापाची परीक्षा घेतेस?" हसत हसत पुढे झुकले. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मांड्या थरथरल्या आणि ते मागे बसले. "खुर्ची बुटकी आहे."

"मी चुकले, अप्पा. कमी आकडा चांगला नव्हता. तुमचं अंग झिजत होतं आणि मी शाबासकी देत होते."

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"खाल्लं तर भरून येईल?"

"या आकड्यावर आता भरवसा नाही, किडनीची दुसरी तपासणी करू. ती ठीक असली तर नीट खायचं, रोज उठाबशा काढायच्या. थोडं येईल. सगळं येईल असं खोटं नाही सांगणार."

त्यांनी माझ्यापुढे हात केला. मग हळूच म्हणाले, "बरं. पण आधी मला उठव. दुपारपासून संडासला जायचंय. तुझीच वाट बघत बसलो होतो."