परस्पर दिलेले नकार

मुलगी दुपारी झोपली, की ती फोन घेऊन बसायची. लग्नाआधी एका वास्तुरचनाकाराच्या कार्यालयात तिने पाच वर्षं इमारतींचे नकाशे काढले होते. आता मुलगी दीड वर्षाची झाली होती आणि हात शिवशिवत होते. नोकरीसाठी ओळखी जोडायच्या त्या संकेतस्थळावर तिने आपले जुने नकाशे चढवले, जुन्या सहकाऱ्यांना निरोप पाठवले. चार महिने झाले, एकाचंही उत्तर नाही. आपला हातच गेला असावा, असं तिला वाटू लागलं होतं.

"मनाला लावून घेऊ नकोस," नवरा म्हणायचा. "बाजारच थंड आहे. आमच्या ताईला बघ, शिकलेली असून नोकरीचं कधी नाव काढलं का? कशी सुखात आहे!"

खातं त्यानेच उघडून दिलं होतं, त्यामुळे ते त्याच्याही फोनवर होतं. तिने एकदा विचारलं, तेव्हा तो हसला होता. "एका घरात दोन पासवर्ड म्हणजे दोन चुली मांडल्यासारखं. घरात काय चोर राहतात?" तीही हसली होती.

त्या दिवशी लसीसाठी मुलीला घेऊन ती दवाखान्याच्या रांगेत बसली होती. शेजारी नातवाला घेऊन तिच्या जुन्या कार्यालयातल्या मोठ्या बाई येऊन टेकल्या.

"हीच का गं ती? चांगली गुटगुटीत आहे की! तब्येत सुधारली म्हणायची."

"तिला कुठे काय झालं होतं, मॅडम?"

बाई गोंधळल्या. "अगं, तूच लिहिलं होतंस ना? मी दोनदा विचारलं तुला. अर्धा वेळ ये, घरून काम कर, म्हटलं. तू साफ नाही म्हणालीस." त्यांनी फोन पुढे धरला.

तिचाच फोटो, तिचंच नाव. खाली मजकूर : 'मुलगी सतत आजारी असते. नोकरी शक्य नाही. कृपया पुन्हा संपर्क करू नये.'

सुई टोचली तशी मुलीने भोकाड पसरलं. आईच्या डोळ्यांत मात्र पाणीही येईना.

संध्याकाळी नवरा बूट काढत होता, तेव्हा तिने विचारलं, "किती जणांना नाही सांगितलंस?"

त्याने दुसरा बूटही काढून नीट ठेवला. मग नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाला, "सहा-सात असतील. अगं, उद्या ही खरंच आजारी पडली असती तर? तुझीच ओढाताण झाली असती. मी फक्त आधी सांगून टाकलं."

"आणि निरोप पुसून टाकलेस."

"तुला वाईट वाटू नये म्हणून!"

चार महिने रोज तिची समजूत काढणारा हाच आवाज होता. त्याने ओरडायला हवं होतं, हात उगारायला हवा होता, म्हणजे चारचौघांत सांगता तरी आलं असतं. इतक्या मायेने गळा दाबणाऱ्याची तक्रार कुणाकडे करायची?

तिने मुलीला त्याच्या मांडीवर दिलं, पासवर्ड बदलला आणि त्याच्यासमोर बसून लिहिलं : 'माझी मुलगी ठणठणीत आहे. गेल्या चार महिन्यांत माझ्या नावाने गेलेले नकार माझे नव्हते. मला काम करायचं आहे.'

"हे सगळ्यांना दिसेल!" तो उठलाच. "लोक काय म्हणतील मला?"

"तुझं नाव नाही घातलेलं. घालू?"

तो खाली बसला.

मोठ्या बाईंचं उत्तर लगेच आलं : 'सोमवारी ये. पोरीला घेऊन आलीस तरी चालेल.' ते ती पुन्हा पुन्हा वाचत असतानाच दुसरा निरोप आला. नणंदेचा. सुखात असलेल्या ताईंचा.

'अगं, माझ्या भावाला सांगू नकोस. पासवर्ड कसा बदलतात गं?'